तुम्ही विचारलंत म्हणून: घर असताना तंबू कशाला?

"घर काय खाले उठलं का तुम्हाले, तळ्याकाठी जाऊन झोपता ते?" शाळेत, लग्नात, दळणाच्या चक्कीवर, सगळीकडे हेच. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, भीती नाही वाटत का. तिसरा बायका आवाज खाली आणून विचारतात. त्याचं उत्तर आधी देऊन मोकळी होते: खुरपं सोबत असतं, पाण्यापासून दोनशे फूट लांब वीतभर खड्डा, वरून माती. झालं.

आम्ही नवेगाव-नागझिऱ्याच्या व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात घुसून राहत नाही. तिथं रात्र काढायची तर वनखात्याच्या विश्रामगृहात. आमचा तंबू मामेसासऱ्यांच्या शेतात असतो. गावच्या मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातल्या, तलावाच्या वरच्या अंगाला, जिथं शेत संपून ऐन-धावड्याचं जंगल लागतं तिथं. लाईट नाही. फोनला रेंज हवी तर पार सलंगावर, म्हणजे तलावाच्या सांडव्यावर, जाऊन उभं राहायचं. धान घरात आलं की जायचं. तुडूम, म्हणजे तलावाची मोरी, उघडून उन्हाळी धानाला पाणी सोडलं की काठ मागे सरकतो, चिखल उघडा पडतो, म्हणून तंबूची जागा दर वेळी वेगळी. 15 फेब्रुवारीपासून वणव्याचे दिवस धरतात, तेव्हापासून आमची चूल बंद. पुढे मोह गळायला लागला की अस्वलं येतात. त्यांच्याशी हुज्जत कोण घालणार?

वाघाचं म्हणाल, तर मे 2023 मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या, तेव्हापासून मला हा प्रश्न दुपटीनं विचारला जातो. मी काही शूर नाही. रात्री डुकरं काठ उकरायला आली की माझे हातपाय गार पडतात. पण माझी भीती जंगलातली नाही, घरातली आहे. हे एकदा नीट सांगायचंय.

तान्ह्या पोळ्याची रात्र होती. पोरांचे लाकडी नंदी ओसरीतच पडले होते आणि भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, त्यांच्याशेजारी चटई टाकून झोपले. रात्री दोनच्या सुमाराला पोटात कळा सुरू झाल्या. करंज्या जास्त झाल्या असतील म्हणून जाऊबाईंनी ओवा दिला. तासाभरानं पाणी दिलं तर ते नाकातून बाहेर आलं. मी कंदील जवळ नेला. भासरे बोटानं स्वतःची पापणी वर धरून माझ्याकडे बघायला धडपडत होते. बोट सोडलं की पापणी खाली. बोलणं नाकातून येत होतं, एक शब्द कळेना. मण्यार चावली हे तोवर कोणाच्या डोक्यातही नव्हतं. ती चावली तर कळतच नाही, दुखत नाही, सूज नाही, झोपलेला माणूस कूस बदलून परत झोपतो.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी दाताची खूण शोधत वेळ घालवला नाही. पापण्या बघितल्या, रात्री कुठं झोपले होते एवढं विचारलं आणि सापाचं औषध सलाइनमधून सुरू केलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही सापांवर तेच एक औषध चालतं, तेव्हा कोणता साप हे कळायची गरज नव्हती. मग 108 ची गाडी, गोंदियापर्यंत. वाटेत श्वास तोकडा पडायला लागला. गाडीतला मुलगा तोंडावर मास्क दाबून फुगा पिळत होता. त्याचा हात भरून आला तेव्हा, "ताई, माझ्याबरोबर मोजत दाबा," म्हणत त्यानं फुगा माझ्या हातात दिला. रबराचा तो फुगा दाबला की छाती उठायची, सोडला की बसायची. आयुष्यात कोणत्याही कामात इतकं लक्ष मी दिलेलं नाही. मागे बसलेलं कोणीतरी फोनवर सांगत होतं, काही राहिलं नाही, पाहुण्यांना निघायला सांगा.

व्हेंटिलेटर निघाल्यावर भासरे पहिल्यांदा बोलले ते हेच, की सगळं ऐकू येत होतं. फोनसुद्धा. फक्त बोट हलवता येत नव्हतं.

तेव्हापासून मला घरात झोप नाही. आमचं घर कवेलूचं, मातीच्या कौलांचं. आत धानाची कोठी, कोठीपाशी उंदीर, उंदरामागे बाकीचे. भिंतीत भेगा किती, कोपरे किती! तंबूला चार कोपरे. बॅटरी फिरवायची, चेन ओढायची, संपलं. दवानं कापड आतून ठिबकतं, पारा आठ-नऊवर येतो, दोन रजया पुरत नाहीत, तरी मी तिथं मेल्यासारखी झोपते.

पूर्वी मीच विचारणाऱ्यांना बदकांचं सांगायची. थंडीत उत्तरेकडून चक्रवाक येतात, पट्टकादंब येतात, पहाटे पाण्यावर धुकं असतं, चुलीवर लाखोरीची भाजी नि भात. खोटं नव्हतं ते. बदकं अजूनही आवडतात. पण बदकं पहाटे गाडीनं जाऊनही दिसतात, त्यासाठी रात्रभर कुडकुडायला नको.

यावर आमच्या घरचे काय म्हणतात तेही सांगते, लपवून काय करू. "मण्यार निघते पावसाळ्यात. तू तंबू ठोकतेस थंडीत. मग तंबू सुरक्षित कसा ठरला? खरंच घराची भीती असेल तर श्रावणात जाऊन राहा तळ्यावर." श्रावणात तिथं गुडघाभर गाळ नि जळवा. आणि दुसरं, त्या वर्षीच आम्ही घरात सगळ्यांना खाटा केल्या, मच्छरदाण्या गादीखाली खोचतो. म्हणजे हिशेबानं घरही तंबूइतकंच बंद झालं. मी म्हणते, झोप हिशेबानं येत नाही. ते म्हणतात, तुला जायचंच असतं, कारण मागून शोधतेस. असेलही. थंडीत चार रात्री गाढ झोपल्यावर पावसाळ्याची जागरणं सोसतात, एवढंच मला त्यांना सांगता येतं, आणि ते त्यांना पटत नाही.

भासऱ्यांना सागाची खाट करून दिली होती. तिच्यावर आता वाळवणं असतात. खाटेवर पाठ धरते म्हणून ते ओसरीत खालीच झोपतात, मच्छरदाणीही नको, गुदमरल्यासारखं होतं म्हणे. जाऊबाईंनी बोलून पाहिलं, मी रडून पाहिलं. आणि दर डिसेंबरात मी तंबूच्या काठ्या मोजायला बसले की हेच समोर येऊन विचारतात, "मास्तरीनबाई, भेव नाही लागत का वो तुम्हाले?"