आमची वाटचाल: हिंगण्याचे खोके आणि जगभरची रद्दी

हिंगणा एमआयडीसीत आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. संत्री, नमकीन, तेलाची पाकिटं, औषधं, तयार कपडे असा नागपुरातून बाहेर जाणारा बराच माल खोक्यातून जातो, आणि त्यातले काही खोके आमचे असतात. बाबांनी १९९८ मध्ये कागद नागमोडी करणारं एक कोरुगेशन मशीन आणि एक स्टिचिंग मशीन घेऊन सुरुवात केली. मी बी.कॉम. करून २००७ मध्ये हिशेबाला बसले. उत्पादन धाकटा भाऊ बघतो.

आमचा धंदा अगदी स्थानिक आहे असं लोकांना वाटतं. कागद आणा, चिकटवा, कापा, शिवा आणि जवळच्या गिऱ्हाइकाला पोचवा. विक्रीपुरतं ते खरंही आहे. रिकामा खोका गाडीत जागा फार खातो, त्यामुळे लांबच्या गावाला पाठवला तर भाड्यातच नफा जातो. खरेदी मात्र जगाच्या बाजारभावाने होते. आमचे सगळे मोठे निर्णय ही ओढाताण सांभाळतानाच घ्यावे लागले.

पाच प्लायच्या खोक्यात तीन सपाट थर असतात आणि त्यांच्यामध्ये दोन नागमोडी. सगळे क्राफ्ट म्हणजे तपकिरी, मजबूत कागदाचे. खर्चात निम्म्याहून बराच जास्त वाटा या कागदाचाच असतो. आपल्याकडच्या बहुतेक क्राफ्ट मिल रद्दीवर चालतात. देशातली रद्दी पुन्हा पुन्हा वापरून झालेली असते आणि प्रत्येक फेरीत तिचा तंतू आखूड होत जातो. खोक्याला ताकद हवी तर लांब तंतूची रद्दी मिसळावी लागते, आणि ती अमेरिका-युरोपातून कंटेनरने येते. म्हणजे वापीच्या मिलमधून आमच्या दारात उतरणाऱ्या रिळाच्या भावात अमेरिकेतल्या रद्दीचा भाव, जहाजाचं भाडं आणि डॉलरचा दर हे तिन्ही आधीच शिरलेले असतात.

रीळ उतरलं की भाऊ कडेचा तुकडा गोल कटरने कापून काट्यावर ठेवतो आणि जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे किती ग्रॅम, ते लिहून घेतो. दुसरा तुकडा बर्स्टिंग टेस्टरमध्ये दाबून धरतो. खालचा रबरी पडदा फुगत जातो, कागद ताणला जातो आणि एका क्षणी फट्कन फाटतो. टेस्टरच्या डायलवरचा काटा तिथेच थांबतो. १८ बीएफ (बर्स्टिंग फॅक्टर, कागदाच्या ताकदीचा आकडा) म्हणून आलेला कागद १६ वर फाटायला लागला की आम्ही समजून जातो, मिलने आयात रद्दीचं प्रमाण कमी केलंय. दरवाढीचं पत्र त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी येतं. बाजार फिरतोय हे आम्हाला पेपरातल्या बातमीआधी या टेस्टिंगच्या वहीत दिसतं, म्हणून ती वही माझ्या टेबलावर रोज येते.

२००८ ची मंदी आमच्याकडे उलट्या बाजूने आली. चीनचे कारखाने मंदावले, त्यांची खोक्यांची गरज घटली आणि जगभर रद्दीचे भाव कोसळले. ज्यांनी महागात कागद भरून ठेवला होता ते अडकले. बाबांचा नियम आधीपासून ठाम होता, काही आठवड्यांपुरताच साठा ठेवायचा. त्यामागे नागपूरचं ऊनही आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की गोदामातल्या कागदातली ओल उडून जाते आणि खोका दुमडताना घडीवर तडा जातो. आजही आम्ही मार्चनंतर साठा कमीच करत आणतो.

खरी परीक्षा चीनच्या एका निर्णयाने घेतली, आणि तीही दोनदा. परदेशातला कचरा आणि रद्दी घेणं चीनने २०१८ पासून आवळायला सुरुवात केली. आधी मिश्र रद्दीवर बंदी आली, मग बाकीच्या रद्दीत भेसळीची मर्यादा ०.५ टक्क्यांवर आली. अमेरिका-युरोपात रद्दीचे ढीग साचले, भाव घसरले आणि आपल्या मिलना स्वस्तात लांब तंतूचा माल मिळू लागला. २०१९ मध्ये आम्हाला चांगला कागद कमी दरात मिळत होता. गिऱ्हाइकं म्हणाली, वर्षभराचा एकच दर बांधून द्या. आमच्या लाइनीत तेव्हा बऱ्याच जणांनी तसे दर दिले. आम्ही तिमाहीपलीकडे शब्द दिला नाही, कारण हा भाव आपल्या कष्टाचा नव्हता. दुसऱ्या देशाच्या नियमाने आलेली स्वस्ताई दुसऱ्या नियमाने जाऊ शकते, एवढं दिसत होतं.

ती गेली, आणि जोरात गेली. जानेवारी २०२१ पासून चीनने रद्दीची आयात पूर्णच बंद केली. तिथल्या मिलना तंतू तर हवाच होता. मग त्यांनी रद्दीऐवजी रद्दीपासून बनवलेले लगद्याचे रोल मागवायला सुरुवात केली, आणि २०२० च्या उत्तरार्धापासून आपल्या मिल ते रोल बनवून चीनला पाठवू लागल्या. त्यात करोनामुळे परदेशातली रद्दीची जमवाजमव थंडावलेली, कंटेनर मिळेनात, भाडी अनेक पटींनी वाढलेली. क्राफ्टचा आमचा खरेदी दर किलोला विशीत होता, तो पस्तिशीच्या पुढे गेला. पैसे आगाऊ द्या, तेव्हाच गाडी भरू, असं मिलवाले सांगू लागले.

त्या दिवसांत कळमना बाजारातल्या एका जुन्या व्यापाऱ्याकडे मी नवा दर घेऊन गेले. आमच्या बाबांच्या वेळचे गिऱ्हाईक, मी त्यांना काका म्हणते. ते म्हणाले, "पोरी, तुमचा कागद चीनले जाऊन राह्यला, तं मी का करू? माह्या संत्र्याले तं कोनी जास्त देऊन नाही राह्यलं." त्यांचं बोलणं शंभर टक्के रास्त होतं. जगाची दरवाढ मी त्यांच्यावर ढकलत होते आणि त्यांना ती पुढे ढकलायला जागाच नव्हती.

त्या बैठकीतून आम्ही दर सांगायची पद्धतच बदलली. तेव्हापासून प्रत्येक नियमित गिऱ्हाइकाला दराची फोड लिहून देतो. खोक्याचं वजन, त्या दिवशीचा क्राफ्टचा दर, कापताना जाणारी घट, आणि मजुरी, वीज, गोंद, भाडं अशा वेगळ्या ओळींनी आमचा रूपांतर खर्च. ६०० ग्रॅमचा खोका असेल तर क्राफ्ट किलोला १ रुपयाने वाढल्यावर खोका ६० पैशांनी आणि घटीपुरता थोडा वर जातो. उतरला की तेवढाच खाली येतो. कटिंगचा कचरा आम्ही रद्दीवाल्याला विकतो. क्राफ्ट चढला की त्या कचऱ्याचाही भाव चढतो, म्हणून ते पैसेही फोडीत वजा दाखवतो. सुरुवातीला भाऊ नाराज होता. आपला नफा उघडा कशाला करायचा, असं त्याचं म्हणणं. पण पुढे क्राफ्ट उतरला तेव्हा आम्ही न मागता दर कमी केले, आणि त्यानंतर फोडीवर कुणी घासाघीस केली नाही. काकांनी आमचा रूपांतर खर्च जरा जास्त वाटतो एवढंच सांगितलं आणि आम्ही त्यावर बसून बोललो. लहान कारखान्याला जगाचे भाव ओळखता येणार नाहीत, पण ते बदलले तर कोणी किती सोसायचं हे आधी ठरवता येतं. आमच्या दृष्टीने धोरण म्हणजे एवढंच, आणि ते पुरेसं आहे असं माझं ठाम मत आहे.

त्याच काळात सरकारी हमीचं आपत्कालीन कर्ज मिळत होतं. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो रेपो दर ४ टक्क्यांवर होता, बँकेचे फोन यायचे. एमआयडीसीत अनेकांनी ऑटोमॅटिक लाइन घातल्या. आम्ही कर्ज घेतलं ते मिलला रोख देण्यासाठी, आणि मशीन म्हणून खोक्यावर छापणारा आणि खाचा पाडणारा फक्त एक वापरलेला प्रिंटर-स्लॉटर घेतला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ६.५ टक्क्यांवर गेला. आमच्या सीसीवरचं (खेळत्या भांडवलाच्या कॅश क्रेडिट खात्यावरचं) व्याजही त्याबरोबर चढलं, पण मोठ्या मशीनचा हप्ता डोक्यावर नव्हता.

संत्र्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिथे आमचा थेट संबंधच नव्हता. बांगलादेश हा तेव्हा नागपुरी संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी गिऱ्हाईक होता. तिकडे माल मुख्यतः क्रेटमधून जायचा, आमचे खोके दिल्ली आणि दक्षिणेच्या व्यापाऱ्यांसाठी असायचे. बांगलादेशाने २०१९ नंतर आयात शुल्क दरवर्षी वाढवत चारेक वर्षांत चौपटीच्या वर नेलं. जाणारा माल अडला आणि काटोल, वरूड, मोर्शीचं फळ देशातल्याच बाजारात उतरलं. आंबिया बहाराच्या संत्र्याचे भाव पडले. भाव पडले की व्यापारी पहिली कात्री पॅकिंगला लावतो. वॅक्सिंग करून, म्हणजे फळाला मेणाचा लेप देऊन, खोक्यात भरायचा माल तो सुटा क्रेटमध्ये टाकून पाठवतो. ढाक्यात शुल्क वाढलं आणि आमच्याकडे हिंगण्यात एक शिफ्ट कमी झाली. शेतकऱ्याचं नुकसान आमच्यापेक्षा कितीतरी मोठं होतं, हे मी विसरत नाही. पण त्यानंतर एका पिकावर आणि एका हंगामावर फार भिस्त ठेवायची नाही, असं ठरवलं.

जीएसटीनंतर प्रत्येक राज्यात वेगळं गोदाम ठेवायची कंपन्यांची गरज कमी झाली आणि देशाच्या मध्यावर असल्याचा फायदा नागपूरला मिळाला. वाडीच्या बाजूला, वर्धा रोडला गोदामं वाढली. तिथे माल सुटा करून पुन्हा भरतात, त्यासाठी लहान लहान ऑर्डरी निघतात. डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर ते काम आणखी वाढलं. आज आमच्या विक्रीत संत्र्याहून गोदामांचा वाटा मोठा आहे.

जीएसटीबद्दल मात्र मनापासून तक्रार आहे. खोक्यांवरचा कर १२ टक्के होता. तो ऑक्टोबर २०२१ मध्ये १८ झाला, जुलै २०२४ मध्ये पुन्हा १२ झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला. गिऱ्हाइकाला बरं वाटलं. पण त्याच दिवशी क्राफ्ट कागद १२ वरून १८ वर गेला. आम्ही १८ टक्के भरून कागद घ्यायचा आणि ५ टक्के लावून खोका विकायचा. मधला फरक परताव्यात मिळतो, पण तो मागून, कागदपत्रं करून, वाट बघून. तोवर ते पैसे आमच्या खेळत्या भांडवलातून गेलेले असतात आणि त्यावर व्याज आम्ही भरतो. शिवाय हा परतावा कच्च्या मालापुरताच. भाडं, सेवा, मशीन यांवर भरलेल्या कराचं क्रेडिट त्यातून सुटत नाही. कच्चा माल आणि पक्का माल यांचे दर जवळ ठेवणं सरकारला अवघड नाही, आणि ते व्हायलाच हवं.

उधारीचंही तसंच. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नियम लागू झाला की सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचे पैसे करार असेल तर ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत, तर त्या वर्षी ती रक्कम खर्चात धरता येत नाही. आमच्याकडे त्याचा उपयोग झाला, मार्चअखेर अडकलेली येणी सुटली. पण एका गिऱ्हाइकाने सरळ विचारलं, ज्या उद्यम नोंदणीमुळे हा नियम तुम्हाला लागू होतो ती रद्द करता का? आम्ही नाही म्हणालो आणि ती ऑर्डर सोडली.

गोंदाकडेही लक्ष ठेवावं लागतं. तो मक्याच्या स्टार्चचा असतो. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसाच्या इथेनॉलवर बंधनं आली आणि इथेनॉलवाले मक्याकडे वळले. मका चढला, स्टार्च चढला. रूपांतर खर्चातला हा लहानसा भाग, पण फोडीत गोंदाची ओळ वेगळी होती म्हणून तो वाढला तसा दाखवता आला.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा बुटीबोरीकडच्या एका निर्यातदार गिऱ्हाइकाने त्याच आठवड्यात दोन साइझचे खोके थांबवले. त्यांच्या नावाने छापलेला माल आमच्याकडे पडून होता. करारात छापील मालाची जबाबदारी लिहिलेली असल्याने त्यांनी तो उचलला. तक्रार केली नाही, उलट पुढच्या ऑर्डरी छोट्या देणार असल्याचं स्वतः फोन करून सांगितलं. त्यांच्यासाठी आता छपाई शेवटच्या टप्प्यात करतो. कोरा खोका तयार ठेवायचा आणि नाव ऑर्डर पक्की झाल्यावरच छापायचं.

सध्या भाऊ एका वेगळ्या कामात गुंतलाय. कागदाचा दर आमच्या हातात नाही, पण खोक्यात किती ग्रॅम कागद जातो हे बरंचसं आहे. कमी जीएसएमचा पण जास्त बीएफचा कागद वापरला तर तोच भार सोसणारा खोका हलका होतो. किलोला दर जास्त असला तरी खोक्यामागचा खर्च उतरू शकतो, आणि पुढे क्राफ्ट चढला तर झळही कमी बसते. नमकीनवाल्या एका गिऱ्हाइकासाठी असा पहिला लॉट गेल्या आठवड्यात पाठवला. त्यांच्या गोदामात सात थर रचून पावसाळी ओलीत तो किती दिवस उभा राहतो ते ते बघतायत. टिकला तर पुढच्या तिमाहीची फोड नव्या वजनावर निघेल.