सीएसएम बंद केलं आणि पडदा काळा झाला

हळदीचा सीझन सुरू झाला की आमच्या घरातला कॉम्प्युटर सकाळी सातला सुरू होतो तो रात्री अकराला बंद होतो. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या तीन अडत पेढ्यांचे हिशेब मी गावभागातल्या घरून लिहिते. सौदा झाला, वजनं झाली की चिठ्ठ्यांचे फोटो मोबाईलवर येतात. मग हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी काढायची, खरेदीदाराचं बिल काढायचं आणि संध्याकाळी रोकड जुळवायची. अप्पा आयुष्यभर पेढीवर दिवाणजी होते, त्यांनी हेच काम कीर्द-खतावणीत केलं. मी टॅलीत करते.

मशीन २०१८ सालचं, जुळवून घेतलेलं. आठव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर आणि एसएसडी नवी, पण ग्राफिक्स कार्ड आणि एक टीबीची हार्डडिस्क आधीच्या कॉम्प्युटरमधली. विंडोजही नव्यानं टाकलं नव्हतं, जुन्या डिस्कवरचंच क्लोन करून एसएसडीवर आणलं होतं. ही बारीकसारीक माहिती सांगतेय, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातच होता. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा हाच डबा मी चादरीत गुंडाळून वरच्या मजल्यावर नेला होता. माझा त्याच्यावर जीव आहे.

विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. याच मशीनवरून मी बँकेचे व्यवहार करते, जीएसटीची विवरणपत्रं भरते. दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब माझ्याकडे असताना असं उघड्यावर राहणं मला पटेना. विंडोज ११ वर जायचं ठरवलं आणि ते या मशीनवर चालेल का, ते बघायला मायक्रोसॉफ्टचं तपासणीचं साधन चालवलं. प्रोसेसर चालतोय म्हणालं, पण टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय) सापडत नाही आणि सिक्योर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचाच प्रोग्राम चालू देणारी सोय) नाही, अशा दोन फुल्या आल्या. या दोन्ही गोष्टी अशा मशीनच्या मदरबोर्डात असतातच, फक्त बायोसमधून, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमधून, चालू कराव्या लागतात, एवढं मी वाचलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी, पट्ट्या काढायला अजून दोन तास होते तेव्हा, डिलीट की दाबत बायोसमध्ये शिरले. इंटेलच्या बोर्डावर टीपीएमला पीटीटी म्हणतात, ते चालू केलं. सिक्योर बूटची ओळ करड्या रंगात होती, हात लावू देईना. आधी सीएसएम नावाची सेटिंग बंद करा, असं तिथंच लिहिलं होतं. ते बंद केलं, सिक्योर बूट चालू केलं, एफ१० दाबून सेव्ह केलं. एका दमात तीन बदल, आणि आधीची सेटिंग कशी होती त्याचा एक फोटोसुद्धा काढलेला नाही.

मशीन बंद होऊन परत सुरू झालं. पंखे फिरले, कीबोर्डचा दिवा लागला, पण मॉनिटरवर काहीच आलं नाही. आतून एक लांब बीप आला आणि पाठोपाठ तीन आखूड. मॉनिटरनं 'नो सिग्नल' दाखवलं आणि तोही झोपला. बटण दाबून बंद केलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच, एक लांब, तीन आखूड. डिलीट की दाबून पाहिली, पण चित्रच नाही तर बायोस उघडलं तरी दिसणार कुठून?

त्यात पेढीवरून फोन. "ताई, पट्ट्या किती वाजता येतील? कर्नाटकातली माणसं आहेत, गाडी भरून आलीत, थांबवून ठेवलंय." त्यांना खरं तेच सांगितलं, की मशीन अडकलंय, आज हातानं लिहून द्या, मी उद्या नोंदी करते. मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं रॅम काढून पुसून बसवली, दुसरी केबल लावून पाहिली आणि म्हणाला, "बोर्ड गेलाय. नवा टाकावा लागेल. या पिढीचा बोर्ड आता नवा मिळत नाही, मग प्रोसेसरही बदलावा लागेल." डबा घेऊन जातो म्हणाला. मी दिला नाही.

का दिला नाही ते सांगते. बोर्ड खरंच गेला असता तर तो बीप तरी कुणी वाजवला असता? जो बोर्ड काहीतरी सांगतोय तो निदान जिवंत आहे. आणि तासाभरापूर्वी हेच मशीन नीट चालत होतं. मधे झालं काय, तर फक्त तीन सेटिंग.

अप्पांनी घरात आलेला एकही कागद कधी टाकलेला नाही. माळ्यावरच्या खोक्यातून त्यांनी बोर्डाची पुस्तिका काढून दिली. शेवटच्या पानांवर बीपचा तक्ता होता. (तो प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, दुसऱ्या बोर्डाचा तक्ता बघून उपयोग नाही.) आमच्या बोर्डाच्या तक्त्यात एक लांब, तीन आखूड याचा अर्थ होता: ग्राफिक्स कार्ड सापडत नाही. कार्ड तर जागेवर होतं. मॉनिटरची वायर कार्डातून काढून बोर्डाच्या स्वतःच्या सॉकेटला लावली, तिथूनही चित्र नाही. कार्ड बसवलेलं असलं की आमचा बोर्ड आतलं ग्राफिक्स बंद ठेवतो, हे नंतर सेटिंगमध्ये दिसलं.

नक्की काय झालं होतं ते त्या रात्री वाचून कळलं. नव्या बोर्डात जुन्या पद्धतीचं बायोस नसतं, यूईएफआय असतं. जुन्या वस्तूंना जुनी भाषा ऐकू यावी म्हणून त्यात एक दुभाषा बसवलेला असतो, तो म्हणजे सीएसएम. ग्राफिक्स कार्डाच्या आतही एक छोटा प्रोग्राम असतो, मशीन सुरू होताना पहिलं चित्र तोच काढतो. माझं कार्ड इतकं जुनं की त्याला फक्त जुनीच भाषा येते. मी दुभाष्यालाच घरी पाठवलं, आणि बोर्ड आणि कार्ड समोरासमोर असून एकमेकांना ओळखेनात. यात काहीही जळलेलं नव्हतं, बिघडलेलं नव्हतं.

म्हणजे सेटिंग मागे न्यायची. पण पडदा काळा असताना कशी? पुस्तिकेत त्याचीही सोय होती: क्लिअर सीमॉस, म्हणजे बोर्डानं जपलेली सेटिंग पुसून मूळपदावर आणणं. प्लग नुसता बंद केला नाही, भिंतीतून उपसून काढला. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, आत साठलेली उरलीसुरली वीज जावी म्हणून. बाजूचा पत्रा काढला, डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावला. अप्पांनी टॉर्च धरला. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात, गोल सेलच्या शेजारी, तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन पिना उभ्या होत्या आणि त्यांच्या पायाशी पांढऱ्या रंगात त्यांचं नाव. पुस्तिकेतल्या चित्राशी दोनदा ताडून पाहिलं, कारण तशाच पिना आजूबाजूला आणखीही असतात. स्क्रू ड्रायव्हरचं टोक दोन्ही पिनांना एकदम टेकवलं आणि अप्पा मोठ्यानं आकडे मोजू लागले. दहा झाल्यावर काढलं.

उघडलंच आहे तर सेलही काढला. सीआर २०३२, रुपयाच्या नाण्याएवढा. तो तीन व्होल्टचा असतो, शेजारच्या वायरमन काकांच्या मीटरवर अडीचच्या आसपास दाखवला. बोर्डाचं घड्याळ याच सेलवर चालतं. घड्याळाच्या दुकानातून नवा आणून बसवला.

प्लग लावला, बटण दाबलं. या वेळी एकच आखूड बीप आला आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली: सेटिंग मूळपदावर आलीत, एफ१ दाबून तपासा. अप्पांनी टॉर्च अजून डब्यावरच धरला होता.

एफ१ दाबून, काही न बदलता बाहेर पडले. आता विंडोज येईल म्हणून बघतेय तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला. काळ्या पडद्यापेक्षा मला या ओळीची जास्त भीती वाटली, कारण ती डिस्कबद्दल बोलत होती. माझ्या तीन पेढ्या त्या डिस्कवर होत्या. शेवटचा बॅकअप आठ दिवसांपूर्वीचा.

अप्पा म्हणाले, "थांब जरा. रोकड जुळली नाही म्हणजे पैसे गेले असं नसतंय. आधी कुठल्या पानावर बघतेस ते बघ."

तसंच निघालं. सेटिंग मूळपदावर गेली तेव्हा सुरू व्हायचा क्रमही पुसला गेला होता. बोर्ड आधी जुन्या हार्डडिस्ककडे जात होता. तिच्यावर फोटो आणि जुन्या फायली, विंडोज नाहीच. बायोसमध्ये बूटच्या पानावर एसएसडी पहिल्या क्रमांकावर आणली आणि मशीन अर्ध्या मिनिटात नेहमीच्या पडद्यावर आलं. टॅली उघडली, शुक्रवारची शेवटची पट्टी होती तिथं होती. तेवढ्यात जीएसटीचं संकेतस्थळ उघडेना, सुरक्षा प्रमाणपत्र बरोबर नाही म्हणू लागलं. खाली कोपऱ्यात पाहिलं तर तारीख १ जानेवारी २०१८. घड्याळ दुरुस्त केलं, तेही सुरळीत झालं. रात्री बारापर्यंत हातानं लिहिलेल्या पट्ट्यांच्या नोंदी केल्या आणि झोपायच्या आधी दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर बॅकअप घेतला.

विंडोज ११ चं काम राहिलंच होतं. ते पुढच्या रविवारी केलं, पण अप्पांच्या पद्धतीनं. त्यांनी मला एक कोरी वही दिली. "रोजमेळात एक व्यवहार लिहितो, मग शिल्लक बघतो, मगच दुसरा. तीन एकदम लिहिलेस तर फरक कशात आहे कळणार कसा?" आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढला. मग वहीत एक ओळ, एक बदल, मशीन परत सुरू, नीट आलं की बरोबरची खूण, मग पुढची ओळ.

पहिली ओळ: जुनं कार्ड काढलं, मॉनिटरची वायर बोर्डाला लावली. आतलं ग्राफिक्स माझ्या कामाला भरपूर पुरतं. ते कार्ड इतकी वर्षं आत का ठेवलं होतं याचं उत्तर माझ्याकडे नाही.

दुसरी ओळ डिस्कची, आणि हीच खरी महत्त्वाची. एसएसडी क्लोन केलेली असल्यामुळे डिस्कचे भाग पाडायच्या जुन्या, एमबीआर पद्धतीची होती. जुनं बायोस डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा वाचून पुढे जातं. यूईएफआय तसं करत नाही, ते एका वेगळ्या छोट्या भागात विंडोजची सुरुवातीची फाइल शोधतं, आणि माझ्या डिस्कवर तो भागच नव्हता. म्हणजे त्या शनिवारी कार्ड नवं असतं तरी सीएसएम बंद केल्यावर विंडोज आलंच नसतं. माझे दोष दोन होते, पहिल्याच्या आड दुसरा लपला होता.

डिस्क न पुसता एमबीआरची जीपीटी, म्हणजे यूईएफआयला लागणारी नवी पद्धत, करायचं साधन विंडोज १० मध्येच असतं, नाव एमबीआर-टू-जीपीटी. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांडची खिडकी उघडून ते आधी नुसतं तपासायला लावायचं. माझी तपासणी पहिल्यांदा नापास झाली. त्याला डिस्कवर जास्तीत जास्त तीन मुख्य पार्टिशन (डिस्कचे भाग) चालतात, माझी चार होती. चौथ्यात जुने वॉलपेपर आणि लग्नाचे फोटो होते. ते हार्डडिस्कवर हलवले, पार्टिशन काढून टाकलं. दुसऱ्यांदा पास. मग प्रत्यक्ष बदल केला, मिनिटभरही लागला नाही. त्यानंतर मात्र जुन्या पद्धतीनं विंडोज सुरू होत नाही, म्हणून पहिल्याच रीस्टार्टला डिलीट की दाबून बायोसमध्ये गेले आणि सीएसएम बंद केलं. बूटच्या यादीत एसएसडीच्या नावाआधी 'विंडोज बूट मॅनेजर' ही नवी ओळ आली होती. तिला पहिला नंबर दिला. विंडोज आलं. खूण केली.

मग सिक्योर बूट, त्यासाठी आधी कोणता प्रोग्राम खात्रीचा ते ओळखायच्या मूळच्या डिजिटल किल्ल्या बायोसमध्ये भराव्या लागल्या. खूण. मग पीटीटी. खूण. ज्यांच्या मशीनवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे त्यांनी यातलं काहीही बदलायच्या आधी ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी, ही माझी हात जोडून विनंती आहे. असे बदल झाले की विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर डेटा समोर असून हाती लागत नाही. माझ्याकडे बिटलॉकर बंद होतं, ते मी आधी तपासलं होतं.

संध्याकाळी विंडोज ११ चढलं. वहीतलं ते पान मी फाडून, सेटिंगच्या फोटोंच्या छापील प्रतीबरोबर, डब्याच्या बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवलं आहे. पुढे जो कोणी तो उघडेल त्याला समोरच दिसेल. सोमवारी साडेनऊला पेढीवरून पहिल्या वजनांचे फोटो आले आणि पट्टीचा क्रमांक शनिवारी जिथं थांबला होता त्याच्या पुढचा पडला.