रॉम्सीची मावशी

नॉर्मन सरदार आणि सॅक्सन जमीनदाराची मुलगी या जोडीच्या प्रेमकादंबऱ्यांची मला कॉलेजपासून चटक आहे. गोष्ट दर वेळी तीच. 1066 मध्ये फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांनी सॅक्सनांचं इंग्लंड जिंकलं, त्या लढाईत बाप आणि भाऊ गेलेले. गढीच्या दारात घोड्यावरून नवा धनी येतो, हातात राजाचं फर्मान: जमीन तुझी, तिथली मुलगीही तुझी. पहिली शंभर पानं ती त्याच्यावर हाताला लागेल ते फेकते. पुढच्या शंभर पानांत त्याला जखम चिघळून ताप येतो आणि ही उशाशी बसते. झालं. केस अर्थातच सोनेरी, गुडघ्यापर्यंत.

हे सगळं खोटं आहे हे कळायला इंग्लंडला जायची गरज नव्हती. पण भाची साउदॅम्प्टनला शिकते आहे, तिच्याकडे राहायला मिळालं, तर ही मुलखं एकदा पायांखालून घालावीत असं ठरवलं. लंडन गर्दीत आणि जिन्यांत गेलं. स्टोनहेंज पावसात, दोरीच्या अलीकडून बघितलं. ज्यांना तिथे काही होतं त्यांना होवो, मला फक्त सर्दी झाली. बॅटल गावी जाऊन आले. लढाई झाली म्हणून गावाचं नावच ते. सॅक्सनांचा हॅरल्ड राजा पडला असं मानतात त्याच जागी, जिंकणाऱ्या नॉर्मन विल्यमने बांधलेल्या मठाची मुख्य वेदी होती. हिरवळ झकास राखली आहे. इतकी झकास, की तिथे माणसं कापली गेली हे स्वतःला बजावून सांगावं लागतं.

रॉम्सीला जाऊ म्हटल्यावर भाची म्हणाली, "मावशी, तिथे माउंटबॅटनची कबर आहे. बाकी काही नाही."

कबर आहे, खरंच. साउदॅम्प्टनहून ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत गाव येतं आणि स्टेशनवरून मठाचं चर्च चालत गाठता येतं. आत शिरलो तर आपल्याकडचंच एक कुटुंब कबरीपाशी उभं होतं. आजोबा नातवाला फाळणी समजावत होते, नातू मोबाइल बघत होता, आणि फोटो काढून मंडळी दहा मिनिटांत बाहेर. मला राग आला. वास्तविक येण्याचं कारण नव्हतं. व्हाइसरॉयचा आपला संबंध खरा आहे, सॅक्सन बायकांचा माझा संबंध कादंबऱ्यांपुरता. पण आला.

इमारत नॉर्मन आहे, 1120 च्या सुमाराला सुरू केलेली. जाडजूड खांब, गोल कमानी आणि हाडात शिरणारा गारठा. मे महिन्यात मी दोन स्वेटर घालून फिरत होते. 1539 मध्ये आठव्या हेन्रीने इथलाही मठ बंद केला, तेव्हा गावकऱ्यांनी हे चर्च पाडू दिलं नाही, शंभर पौंडांना विकत घेतलं. म्हणून ते उभं आहे.

काचेच्या एका पेटीत केस ठेवलेत. माणसाचे. 1839 मध्ये खोदकाम करताना शिशाची शवपेटी सापडली; आतला देह केव्हाच मातीला मिळालेला, केस तेवढे राहिलेले, लाकडी उशीवर, वेणीसकट. मी काचेला नाक लावून बघितलं. तपकिरी, निस्तेज, सुंभासारखी पिळलेली वेणी. पेड नीट घट्ट घातलेले. सोनेरीबिनेरी काही नाही, आणि गुडघ्याच्या आसपासही नाही. केसांची तपासणी केली तेव्हा या व्यक्तीच्या खाण्यात मासे भरपूर होते असं निघालं. बाई की पुरुष याची खात्री नाही म्हणे. माझ्या मालवणी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणतील, मग केस टिकायचेच.

पण मी आले होते क्रिस्टिनासाठी.

ही एडगर अ‍ॅथलिंगची बहीण. म्हणजे सॅक्सन राजघराण्याचा जो शेवटचा वारस, ज्याला 1066 मध्ये राजा म्हणून निवडलंही होतं आणि काही आठवड्यांत विल्यमपुढे मान तुकवावी लागली, त्याची. दुसरी बहीण मार्गारेट स्कॉटलंडची राणी झाली. क्रिस्टिना 1086 मध्ये इथे रॉम्सीला नन झाली, आणि मार्गारेटने आपली ईडिथ नावाची मुलगी तिच्याकडे शिकायला ठेवली. ईडिथ तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. मावशीने काय करावं? पोरीच्या डोक्यावर ननचं काळं फडकं घातलं. नॉर्मनांच्या वासनेपासून वाचवायला. पोरीने ते काढलं की थोबाडीत बसायची, वर शिव्याशाप. ईडिथने मोठेपणी स्वतः सांगितलेलं आहे हे, आणि एडमर नावाच्या साधूने लिहून ठेवलंय: मावशीसमोर थरथरत ते फडकं घालायचे, ती नजरेआड झाली की डोक्यावरून ओढून जमिनीवर टाकायचे आणि पायांखाली तुडवायचे.

ते तुडवणं मला दिसलं. कुठलीही नायिका इतकी जिवंत वाटलेली नाही.

ईडिथ राहिली ती इमारत आता नाही. पण तिच्याही आधीची एक गोष्ट आहे, बाहेर, भिंतीत, अ‍ॅबेसच्या, म्हणजे मठाच्या मुख्य ननच्या, दाराजवळ. सॅक्सन काळातला दगडी ख्रिस्त, जवळजवळ माणसाएवढा. क्रुसावर लोंबकळलेला नाही, ताठ उभा, हात सरळ आडवे, आणि वर ढगातून देवाचा पंजा खाली आलेला. चेहरा पावसाने झिजला आहे. आम्ही तिथे बराच वेळ उभ्या होतो, कारण भाचीचं आणि माझं भांडण लागलं होतं.

"मारायचं काय पण?" ती म्हणाली. "सांगून कळलं नसतं का?"

"काय सांगणार सात वर्षांच्या मुलीला?"

"तू मला काय काय सांगायचीस. आठ वाजता घरी ये म्हणून."

मी गप्प बसले. पण मी मावशीच्या बाजूची आहे. तेव्हा काय चाललं होतं याचा पुरावा खुद्द कँटरबरीच्या नॉर्मन आर्चबिशपचा आहे. लॅनफ्रँकने पत्रात लिहिलंय की ज्या बायका देवाच्या ओढीने नव्हे तर फ्रेंचांच्या भीतीने मठात पळून आल्या, त्यांना परत जाता येईल. म्हणजे त्या किती असतील विचार करा, की त्यांच्यासाठी वेगळा निर्णय द्यावा लागला. कादंबरीतली नायिका गढीच्या जिन्यावर कमरेवर हात ठेवून उभी राहते. खऱ्या बायका रात्री मठाचं दार ठोठावत होत्या.

आणि आता गंमत बघा. ईडिथला मागणी घातली कोणी? पहिल्या हेन्रीने. जिंकणाऱ्या विल्यमच्याच धाकट्या मुलाने. ती नन झालेली होती की नव्हती यावर लंडनजवळ लॅम्बेथला धर्मसभा भरली, लॅनफ्रँकचा तो जुना निर्णय पुढे ठेवला गेला आणि ती मोकळी ठरली. 1100 च्या नोव्हेंबरात लग्न. ईडिथ हे नाव गेलं, मटिल्डा हे नॉर्मन नाव आलं. दरबारातले नॉर्मन तरीही नवरा-बायकोला मागून 'गॉडरिक आणि गॉडगिफू' म्हणून खिजवायचे, अगदी गावंढळ सॅक्सन नावं ती. हे मात्र थेट माझ्या कादंबऱ्यांतलं वाटतं. शत्रूच्या मुलाशी लग्न, टोमणे, सगळं आहे. हेन्रीला सॅक्सन राजांचं रक्त गादीसाठी हवं होतं हे सोडून दिलं, तर.

अशी लग्नं पुढे इतकी झाली की 1170 च्या दशकात राजाच्या खजिनदाराने लिहून ठेवलं, स्वतंत्र लोकांत आता कोण इंग्लिश आणि कोण नॉर्मन हे सांगणं कठीण. वॉल्टर स्कॉटने मात्र आपल्या 'आयव्हानहो' कादंबरीची गोष्ट 1194 मध्ये घडवली आणि त्यात दोन्हीकडचे लोक काल लढाई झाल्यासारखे एकमेकांवर गुरगुरतात. त्याच्यानंतरच्या लेखकांनी तेच उचललं. तक्रार नाही, मीही पैसे देऊन वाचते.

चर्चबाहेर चहा प्यायला गेलो तर चारच्या आधीच खुर्च्या टेबलांवर उलट्या. या देशात पाहुण्याला चहा वेळेतच लागला पाहिजे. शेवटी स्टेशनवरच्या बाकावर बसून थर्मासमधला कोमट चहा पीत मी भाचीला उरलेली गोष्ट सांगितली, जी मला सगळ्यात जास्त छळते.

ईडिथच्या सख्ख्या बहिणीची एक नात होती, मेरी. पहिल्या हेन्रीनंतर गादीवर बसलेल्या राजा स्टीफनची मुलगी. ती याच रॉम्सीच्या मठाची अ‍ॅबेस झाली. 1159 मध्ये तिचा भाऊ वारला आणि उत्तर फ्रान्समधल्या बूलोनची जहागीर तिच्या नावावर आली. लगेच पुढच्या वर्षी तिला मठातून उचललं आणि शेजारच्या फ्लँडर्सच्या काउंटच्या मुलाशी, मॅथ्यूशी, तिचं लग्न लावलं. राजाचा चॅन्सलर टॉमस बेकेट याने विरोध केला, कोणी ऐकलं नाही. हे घडवून आणणारा राजा दुसरा हेन्री. ईडिथचा नातू. जिला मावशीने मारून मारून फडक्याखाली लपवलं, तिच्याच नातवाने त्याच मठातून दुसरी बाई बाहेर काढली.

"मग ती परत आली का?" भाचीने विचारलं.

"आली. दहा-एक वर्षांनी लग्न रद्द झाल्यावर, दोन मुली मागे ठेवून. पण रॉम्सीला नाही, तिकडे फ्रान्समधल्या मठात."

"आणि नवरा?"

"जहागीर त्याच्याकडेच राहिली."

"सुंदर," भाची म्हणाली आणि गाडी किती लेट आहे ते बघायला उठली.