बाबांची अनामिका आणि तळहातातली दोरी

बाबांच्या उजव्या हाताकडे माझे पहिल्यांदा नीट लक्ष गेले ते सरकी टोबण्याच्या दिवसांत. ओट्यावर हात टेकून उठताना त्यांचा तळवा सपाट टेकत नव्हता, आणि अनामिका आतल्या बाजूला अर्धी वाकून राहिली होती. विचारल्यावर त्यांनी हात मागे घेतला. आई नंतर म्हणाली की हे तीन वर्षांपासून आहे. तोंड धुताना बोट डोळ्यात जाते, सदऱ्याच्या खिशात हात घालताना ते अडकते, आणि सप्ताहात काला घेताना ते ओंजळ न करता द्रोण पुढे करतात.

तीन वर्षे त्यांनी हे का लपवले, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगावे लागत नाही. वरोऱ्याजवळचे आनंदवन आणि वर्ध्याजवळचे दत्तपूर या कुष्ठरुग्णांच्या वसाहती पाहत मोठ्या झालेल्या पिढीच्या मनात वाकलेल्या बोटांचा एकच अर्थ असतो, आणि त्या अर्थाचा उच्चारही घरात होत नाही. मला याचे फार वाईट वाटते, कारण तो अर्थ खरा असता तरी लपवण्यासारखे त्यात काहीच नव्हते. कुष्ठरोगावरील बहुऔषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो, साधारण 6 ते 12 महिन्यांत पूर्ण होतो, आणि बोटांची ताकद नुकतीच कमी होऊ लागली असेल तर वेळेवर सुरू केलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ती परत मिळण्याची शक्यता असते. लपवण्यात जातो तो नेमका हाच काळ.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी बाबांना डोळे मिटायला लावले, बॉलपेनच्या टोकाने बोटांवर आणि तळव्यावर हलका स्पर्श केला आणि कुठे लागले ते दाखवायला सांगितले. बाबांनी प्रत्येक जागा अचूक दाखवली. अंगावर बधिर चट्टा नव्हता, कोपरामागची नसही जाड झालेली नव्हती. मग त्यांनी वाकलेले बोट स्वतःच्या हाताने सरळ करून पाहिले. नस दुबळी झाल्यामुळे वाकलेले बोट सुरुवातीच्या काळात दुसऱ्याने सरळ केल्यास सरळ होते. बाबांचे झाले नाही. तळव्याच्या कातडीखाली मात्र अनामिकेकडे जाणारी एक ताठ दोरी आणि तिच्या मुळाशी वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. ‘हा तो आजार नाही, याला दुपित्रांचा आजार म्हणतात,’ असे त्यांनी सांगितले, तेव्हा बाबांनी पहिल्यांदा हात माझ्यासमोर उघडा धरला.

पॅरिसचे शल्यचिकित्सक गियोम दुपित्रां यांनी 1831 साली या विकाराचे सविस्तर विवेचन केले, म्हणून त्यांचे नाव त्याला चिकटले. तळहाताच्या कातडीखाली तंतूंचा एक पातळ पडदा असतो. त्यात कोलॅजन नावाचे प्रथिन साठत जाऊन आधी गाठ आणि मग दोरी तयार होते, ती हळूहळू आखडते आणि बोटाला आत ओढते. बोट वाकवणारा स्नायूबंध निरोगीच असतो. उत्तर युरोपातल्या लोकांत हा विकार बराच आढळतो, आपल्याकडे कमी. पण मधुमेह असणाऱ्यांत त्याचे प्रमाण जास्त असते, आणि बाबांना 11 वर्षांपासून मधुमेह आहे. ही दोरी तेलाने, लेपाने किंवा मालिशने विरघळते असा कोणताही पुरावा नाही. त्यामुळे कुणी जोराने बोट ओढून देतो म्हटले, तर कृपया हात पुढे करू नका.

नागपूरच्या हातविकारतज्ज्ञांनी बाबांना टेबलावर तळवा पालथा ठेवायला लावला. तो सपाट टेकत असेल तर सहसा केवळ लक्ष ठेवले जाते. टेकत नसेल तर उपचाराचा विचार सुरू होतो. बाबांच्या बोटाच्या मुळाचा सांधा 45 अंशांत वाकलेला होता आणि मधल्या सांध्यालाही थोडा बाक आला होता. शस्त्रक्रियेच्या नावानेच बाबा उठून उभे राहिले, तेव्हा डॉक्टरांनी सुईच्या उपचाराची माहिती दिली. बारीक सुरीने कातडीखालची दोरी कापण्याची कल्पना इंग्लंडमधले ॲस्टली कूपर यांनी 1822 मध्येच मांडली होती, आणि 1970 च्या दशकात फ्रान्समधल्या संधिवाततज्ज्ञांनी सुरीऐवजी इंजेक्शनची सुई वापरून ती पुन्हा रूढ केली. दोरी विरघळवणाऱ्या कोलॅजनेज इंजेक्शनला अमेरिकेत 2010 मध्ये मान्यता मिळाली; युरोपच्या बाजारातून मात्र कंपनीने ते 2020 मध्ये काढून घेतले. आमच्यासमोर तो पर्याय ठेवला गेला नाही.

वेचणी आटोपल्यावर जानेवारीत सुईचा उपचार झाला. भूल फक्त कातडीपुरती दिली होती, कारण बोटाची नस दोरीला अगदी लागून असू शकते आणि सुई तिच्याजवळ गेली तर रुग्णाला झिणझिण्या जाणवून ते सांगता आले पाहिजे. दोरी तीन ठिकाणी सुईच्या टोकाने कमकुवत केली, मग डॉक्टरांनी बोट हळूहळू मागे ताणले आणि ‘कट्’ असा आवाज मलाही ऐकू आला. टाके नव्हते. आम्ही संध्याकाळच्या बसने घरी आलो. आठवडाभर हात शेण-मातीपासून दूर ठेवायचा होता, आणि बाबांसाठी तेच सर्वांत कठीण ठरले.

मुळाचा सांधा पूर्ण सरळ झाला, मधल्या सांध्याचा बाक थोडा राहिला. तो सांधा सहज दाद देत नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावले होते. त्यांनी आणखी एक गोष्ट लपवली नाही. नेदरलँड्समधल्या एका तुलनात्मक अभ्यासात सुईच्या उपचारानंतर 5 वर्षांत सुमारे 85 टक्के रुग्णांत बोट पुन्हा वाकले, तर दोरी कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर हे प्रमाण सुमारे 21 टक्के होते. तरीही बाबांनी सुईच निवडली, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. शस्त्रक्रियेनंतर पूर्ववत व्हायला बरेच आठवडे लागतात, आणि सुईचा उपचार गरज पडल्यास पुन्हा करता येतो.

आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बाबा माझ्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर तळवा ठेवतात आणि मी पेन्सिलीने त्याची कड काढून तारीख लिहितो. डाव्या हाताचेही पान आहे, कारण तिथे अनामिकेच्या मुळाशी एक गाठ आली आहे. ती दुखत नाही आणि तळवा सपाट टेकतो, म्हणून तूर्त तिला हात लावायचा नाही असे ठरले आहे.