धष्टपुष्ट असण्याचा ताप

केळी जरा काळी पडायला लागली की ओटा कितीही पुसा, खिडकी बंद ठेवा, चिलटं हजर. वाटीत व्हिनेगर आणि त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून ठेवला की मरतात बरीचशी, हा उपाय सगळ्यांनाच माहितीये. पण मरायच्या आधी ती त्या घडावर काय उद्योग करतात हे एकदा जवळून बघायला लागलं ना, की वाटी ठेवायला उशीर होतो. निदान माझा तरी होतो, आणि घरच्यांची बोलणी खावी लागतात.

नीट बघितलं तर एक जरा मोठं चिलट पुढे चालत असतं आणि एक लहान, मागचं टोक काळं असलेलं, त्याच्या मागे मागे. मोठी ती मादी, मागचा तो नर. तो मध्येच एक पंख आडवा पसरून थरथरवतो, हे त्याचं गाणं, आपल्याला काही ऐकू येत नाही. ती पळते, मागच्या पायाने लाथ मारते, पंख झटकते, उडून जाते आणि थोड्या वेळाने परत त्याच केळ्यावर येऊन बसते, कारण खायचंही तिथेच आणि अंडीही तिथेच घालायची, जाणार कुठे बिचारी. आणि तोही तिथेच असतो. एक गेला तर दुसरा.

आता यातली गंमत (तिच्यासाठी गंमत नाहीये म्हणा) अशी की सगळ्या माद्यांना हा त्रास सारखा होत नाही. चिलट एकदा कोशातून बाहेर आलं की वाढत नाही, त्याची साइज अळी असताना किती खायला मिळालं त्यावर ठरलेली असते. एकाच केळ्यात खूप अळ्यांची गर्दी झाली तर चिलटं बारकी निघतात, पोटभर मिळालं तर दणकट. दणकट मादी म्हणजे जास्त अंडी, आणि हे नरांनाही बरोबर कळतं. आपल्याकडे स्थळ बघायला आलेल्या बायका 'अंगापिंडाने बरी आहे हो मुलगी' म्हणायच्या, तीच नजर. त्यामुळे सगळे त्या मोठीच्याच मागे. २००९ साली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा विद्यापीठातल्या लोकांनी हे लॅबमध्ये मोजून बघितलं, की नरांच्या या सततच्या पिच्छ्याचा फटका मोठ्या माद्यांनाच जास्त बसतो, म्हणजे चांगल्या तब्येतीमुळे बारकीपेक्षा जी जास्त अंडी घालता आली असती, त्यातला बराचसा फायदा हे मागे लागणारेच खाऊन टाकतात. मला हे वाचून खरंच राग आला होता, चिलटांवर राग येणं वेडेपणाचं आहे तरी.

बरं, मीलन झालं म्हणजे सुटली असंही नाही. नराच्या वीर्यातून नुसते शुक्राणू येत नाहीत, सोबत बरीच प्रथिनं येतात, त्यातल्या काहींमुळे ती भराभर अंडी घालायला लागते आणि दुसऱ्या नराला जवळ येऊ देत नाही. पण लंडनच्या ट्रेसी चॅपमन आणि मंडळींनी १९९५ मध्ये दाखवलं की याच द्रवामुळे तिचं आयुष्य कमी होतं. आणि पुढे २००२ मध्ये असंही दिसलं की नर जेवढा मोठा तेवढं तिचं नुकसान जास्त. म्हणजे नवरा हट्टाकट्टा मिळाला म्हणून खूश व्हायचीही सोय नाही.

चिलटांपेक्षा वाईट प्रकरण ढेकणांचं. आमच्या आजीच्या घरी लाकडी पलंगाच्या सांध्यांत रॉकेल ओतायचे आणि गाद्या उन्हात टाकायचे, तेव्हा ढेकूण म्हणजे फक्त चावणारी वस्तू होती. त्यांच्यातला नर मादीच्या नेहमीच्या मार्गाच्या वाटेलाच जात नाही, सुईसारखा अवयव सरळ तिच्या पोटाच्या कातडीत खुपसतो आणि वीर्य आत सोडतो. तिच्या पोटाच्या उजव्या बाजूला हा मारा झेलायला एक खास अवयव तयार झालाय, यावरून कळेल की हे किती पिढ्या चालू असेल. मादी उपाशी असेल तर ती चपटी असते, अंग जमिनीला दाबून धरते, नराला तिथपर्यंत पोचूच देत नाही. पण रक्त पिऊन टम्म फुगली की तिला ना दाबून बसता येत ना वळता येत, आणि नर नेमका तेव्हाच येतो. इंग्लंडात शेफिल्डला हे तपासलंय, जेवलेल्या माद्यांवर नरांना जास्त यश मिळतं कारण प्रतिकारच करता येत नाही. त्याच शेफिल्डच्या २००१ च्या कामात वारंवार मीलन झालेल्या माद्या साधारण पाव आयुष्य आधीच मेल्या होत्या. आणि न जेवून चालत नाही, कारण रक्त नाही तर अंडी नाहीत. म्हणजे ज्या जेवणाने अंडी होणार, त्याच जेवणाने ती सापडणार.

मग वाटतं उपाशीच बरं, तर त्यासाठी मॅन्टिस बघायचा, तो हात जोडून बसलेला हिरवा प्रार्थना कीटक. त्याची मादी नराला खाते हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण ती दरवेळी खात नाही, भूक लागलेली असेल तर जास्त खाते. नरालाही ते कळतं बरं का, २००६ साली अमेरिकेत चायनीज मॅन्टिसवर बघितलं तेव्हा उपाशी मादीकडे जाताना नर हळू सरकायचे आणि लांबूनच उडी मारायचे. (डोकं खाल्लं गेलं तरी धड मीलन पूर्ण करू शकतं, हे वाचून मी दोन मिनिटं फोन बाजूला ठेवला होता.) ऑस्ट्रेलियातल्या एका मॅन्टिसमध्ये तर कॅथरीन बॅरी यांना असं दिसलं की सगळ्यात उपाशी माद्यांकडेच सगळ्यात जास्त नर ओढले गेले. अंडी घालायची ताकद नाही, तरी वास मात्र असा सोडतात की नर आपणहून ताटात येतो. मला यात जरा चिलटांचा सूड दिसतो, शास्त्रज्ञांना दिसत नसेल.

पण भुकेचा जोर सगळीकडे चालत नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात मॉर्मन क्रिकेट नावाचा नाकतोड्यासारखा किडा असतो, त्याचे थवेच्या थवे रस्ते ओलांडत जातात. त्यातला नर मीलनात मादीला खायला एक पौष्टिक गोळा देतो, स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्श्यापर्यंतचा. खाण्याची टंचाई असली की माद्याच त्या गोळ्यासाठी नराभोवती मारामारी करतात आणि मग भाव नर खातो. मादी त्याच्या पाठीवर चढते, तेवढ्यात बहुतेक तो वजनाचा अंदाज घेतो, आणि हलकी वाटली तर गोळा न देताच अंग सोडवून घेतो. डॅरिल ग्वीन यांनी १९८१ मध्ये हे लिहून ठेवलंय. म्हणजे ज्या मादीला त्या घासाची सगळ्यात जास्त गरज, तिलाच तो नाही म्हणतो, आणि ती उतरून पुढच्या नराच्या रांगेत जाते.