तुम्ही विचारलंत म्हणून: झाडं पाणी आणतात की पितात?

दोन्ही. मी रानातल्या ओहोळांचं पाणी मोजते, आणि या उत्तरावर कुणाचं समाधान होत नाही, हे मला माहीत आहे. लग्नाच्या पंगतीत, कोकणकन्येत, वृक्षारोपणाचा नारळ फोडून झाल्यावर, कुठेही हा प्रश्न येतो आणि विचारणाऱ्याला फक्त माझी मान हललेली बघायची असते. मी 'पण' म्हटलं की चेहरा पडतो.

पितात, हे काही माझं म्हणणं नाही. बॉश आणि ह्यूलेट या संशोधकांनी 1982 मध्ये जगभरातल्या 94 पाणलोटांच्या नोंदी एकत्र मांडल्या. झाडी काढली की ओढ्याचं वर्षाचं एकूण पाणी बहुतेक ठिकाणी वाढलेलं. आणतात, हेही खरं. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सालाती यांनी 1970च्या दशकात ॲमेझॉनच्या पावसातला ऑक्सिजन तपासला. ऑक्सिजनचा एक जड प्रकार पावसाबरोबर आधी गळून जातो; पण समुद्रापासून आत जाताना तो जितका घटायला हवा तितका घटत नव्हता. जवळपास निम्मा पाऊस जंगलानेच परत हवेत सोडलेल्या बाष्पाचा निघाला. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या 2018 मधल्या अभ्यासात तामिळनाडूच्या नैर्ऋत्य मोसमी पावसातलं 25 ते 40 टक्के बाष्प सह्याद्रीच्या झाडीचं असल्याचं आढळलं. म्हणजे सिंधुदुर्गात, आमच्या दोडामार्गातल्या झाडाने उडवलेलं पाणी दोडामार्गाच्याच विहिरीत उतरेल, याची हमी नाही.

हे सगळं मी तिथल्याच एका ग्रामसभेत सांगितलं होतं. देवळाच्या सभामंडपात, पंख्याच्या घरघरीत, तासभर. गावाच्या वरच्या अंगाला दोन ओहोळांवर आमची मोजणी चालायची; एक रानातला, एक उघड्या, गुरं चरून टणक झालेल्या डोंगराचा. दोन्हीकडे काँक्रीटच्या छोट्या बांधाला त्रिकोणी खाच, मागे नळीत पाण्याची पातळी टिपणारं यंत्र. पावसाळ्यात उघड्या डोंगरावरून जास्त पाणी येतं, कारण झाडं पितात, हे मी म्हटलं. पुढच्याच श्वासात हेही म्हटलं की ते पाणी मुसळधारेबरोबर धावत समुद्राला मिळतं. रानाची माती भुसभुशीत, ती पाणी आत घेते, आणि एप्रिलमध्ये वाहतो तो रानातलाच ओहोळ. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे झाडां पाणी पितत तर!" लोक हसले. मीही हसले.

पुढच्या थंडीत रानाचा तो उतार रबरासाठी साफ झाला. मी पोचले तेव्हा जेसीबी निघून गेला होता. पहिल्या अवकाळी सरीने खाचेपर्यंत लाल गाळ भरलेला, यंत्राची नळी बाहेर काढली तर आत चिखल घट्ट बसलेला. जमीन ज्यांची, त्या काकांकडे मी नेहमी चहा घ्यायचे. त्या दिवशीही त्यांनी चहा दिला. "म्हटलं, झाडं पाणी पितात म्हणून बाईंनीच सांगितलंय, मग काढली तर ओहोळाला बरंच." टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की मला आनंद होईल.

यावर मला लगेच सुनावलं जातं, बोलायलाच नको होतं. का? वाक्य खरं होतं, आजही आहे. आणि रबर काही माझ्या भाषणामुळे आलं नाही. भाव होता, दलाल होता, काकांच्या डोक्यावर कर्ज होतं. रात्री मात्र हा युक्तिवाद तितका टिकत नाही. त्यांना कारण हवं होतं आणि सगळ्यात सोयीचं कारण माझ्याकडे मिळालं.

तेव्हाची मी म्हणायचे, शास्त्रज्ञाने आकडे सांगावेत आणि बाजूला व्हावं. तिचं अगदीच चुकलं असं अजून म्हणवत नाही. "झाडं लावा, पाऊस आणा" म्हणणाऱ्यांनी घातलेला गोंधळही मी पाहिलाय: कातळसड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, जिथे गवत आणि पावसाळी फुलंच शोभतात, तिथे खड्डे पाडून लावलेला ऑस्ट्रेलियन अकेशिया. माझ्या त्या एका वाक्याने असा एखादा सडा वाचलाही असेल. तो हिशेब कुणी ठेवत नाही.

शिवाय आता पाऊसच बदलतोय. मध्य भारताच्या पट्ट्यात, महाराष्ट्रासकट, मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्या. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत पडला तर तो मुरवणारी माती जास्त मोलाची. पण उन्हाळे तापले की पानं जास्त पाणी उडवतील, की कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रं, आवळून पाणी राखतील? यावर आम्ही आपसातच भांडतो. टणक झालेल्या डोंगरावर पुन्हा रान आलं तर पाण्याचं मुरणं किती वर्षांनी झाडांच्या पिण्याच्या पुढे जाईल, याचंही एक उत्तर नाही. माती बदलली की तेही बदलतं.

म्हणून हल्ली मी उलट विचारते: कुठल्या महिन्याचं पाणी? ग्रामसभेत आधी एप्रिल-मेचं सांगते, झाडांच्या पिण्याचं शेवटी, आणि ते जरा भराभर उरकते. एक सहकारी याला लबाडी म्हणतो. मी त्याला म्हटलं, पुढच्या ग्रामसभेत तू बोल.