फ्रॅक्टलला आधी गप्प करा, मग रंगवा

फ्रॅक्टल म्हणजे सूत्रातून संगणकाने काढलेली, कितीही मोठी केली तरी नक्षी न संपणारी आकृती. तिच्यात तपशील कमी पडत नाही, उतू जातो. कुठेही झूम करा, कोपऱ्याकोपऱ्यात नक्षी हजर. म्हणूनच बरीच फ्रॅक्टल चित्रं आधी डोळे दिपवतात आणि लगेच कंटाळा आणतात. नजरेला टेकायला जागाच नसते. इथलं खरं काम वजाबाकीचं. ती चौकट निवडताना होते आणि ग्रेडियंट, म्हणजे रंगांची सलग पट्टी, ताणताना होते.

एकच सूत्र पुन्हा पुन्हा चालवून मिळणाऱ्या मँडेलब्रॉट संचातली, या प्रसिद्ध फ्रॅक्टलमधली, सीहॉर्स व्हॅली घेऊ. मोठा हृदयाकृती भाग आणि त्याच्या डावीकडचं वर्तुळ −०.७५ पाशी एकमेकांना टेकतात, तिथली ही खाच. केंद्र −०.७४५४, ०.११३० आणि चौकटीची रुंदी ०.०१ ठेवून सुरुवात करा. आसपास सरकत एखादं ठसठशीत सर्पिल शोधा.

क्लिक केलं की बहुतेक सॉफ्टवेअर तोच बिंदू मधोमध आणतात, आणि सर्पिलाचा डोळा नेमका चित्राच्या पोटात बसतो. नवख्याचं चित्र इथेच ओळखू येतं. डोळ्याच्या वास्तव भागात (केंद्राच्या दोन आकड्यांतल्या पहिल्या, आडव्या आकड्यात) ०.००१७ मिळवून ते नवं केंद्र धरा. डोळा डावीकडच्या एक तृतीयांश रेषेवर जातो. मग चौकट २०–४० अंश फिरवून पाहा. सर्पिलाचा लांब हात कर्णाच्या दिशेने बाहेर पडला की चित्राला चाल येते. चौकटीत सारख्या आकाराची दोन सर्पिलं असतील तर एक कापा किंवा कडेला ढकला. दोघांच्या ओढाताणीत नजर मधल्या रिकाम्या जागेत अडकते.

खोल जाण्याचा मोहही आवरावा. सर्पिलाचा डोळा हा मिझ्युरेविच बिंदू (ज्याच्याभोवतीची नक्षी स्वतःचीच नक्कल करत जाते असा बिंदू) असेल, तर आत जाल तसं तेच चित्र फिरून, लहान होऊन पुन्हा समोर येतं. रेंडरचा वेळ वाढतो, नवं काही मिळत नाही. छोट्या मँडेलब्रॉटच्या, म्हणजे संचाच्याच आत दडलेल्या त्याच्या लहान प्रतीच्या, दिशेने निघालात तर गोष्ट वेगळी: तिथे सममितीचे हात २, ४, ८, १६ असे दुप्पट होत जातात आणि प्रत्येक दुपटीसाठीचं झूमचं अंतर आधीपेक्षा कमी होत जातं. १६ च्या पुढे सगळं गोल जाळीदार रुमालासारखं दिसू लागतं. मला ४ वर थांबलेली चित्रं सगळ्यात जिवंत वाटतात.

आता रंग. ग्रेडियंटमध्ये कोणते रंग आहेत यापेक्षा ते किती वेळा फिरतात हे आधी ठरवा. समजा चौकटीतली आवर्तनं (बिंदू संचाबाहेर निसटेपर्यंत सूत्र किती वेळा चालवावं लागलं तो आकडा) ८० ते १२०० आहेत आणि ग्रेडियंटचा एक फेरा ६४ आवर्तनांचा आहे. सरळ रेषीय पद्धतीने १७ हून जास्त फेरे होतात. त्यातले बहुतेक सीमेलगतच्या चिंचोळ्या पट्ट्यात कोंबले जातात, आणि शेजारशेजारच्या पिक्सेलना भलतेच रंग मिळून तिथे रांगोळी सांडल्यासारखी खरखर दिसते. बरेच जण यावर अँटीअलियासिंग, म्हणजे कडा मऊ करण्याची सोय, वाढवत बसतात. त्याने खरखर धुरकट होते, जात नाही.

औषध आहे ट्रान्सफर फंक्शन, म्हणजे आवर्तनांवरून ग्रेडियंटमधली जागा ठरवणारं सूत्र, बदलण्यात. ८० ते २०० आवर्तनांचा पट्टा चित्राचा बराच मोठा भाग व्यापतो. रेषीय पद्धतीत त्याच्या वाट्याला ग्रेडियंटचा सुमारे ११ टक्के भाग येतो, वर्गमुळात २० टक्के, लॉगमध्ये ३४ टक्के. अल्ट्रा फ्रॅक्टल या सॉफ्टवेअरमध्ये लॉग निवडून कलर डेन्सिटी (ग्रेडियंट किती वेळा फिरतो ते) इतकी ठेवा की पूर्ण चौकटीत दीड-दोनच फेरे होतील. मोठे पट्टे शांत होतात आणि नक्षी सीमेपुरती उरते. झूम वाढवला की किमान आवर्तनं वाढतात, त्यामुळे डेन्सिटी आणि ग्रेडियंटची फिरवणी दर वेळी नव्याने लावावी लागते.

कडक पट्टे नको असतील तर स्मूथ कलरिंग (आवर्तनांचे अपूर्णांकही मोजून रंग सलग करणं) वापराच, पण बेलआउट त्रिज्या, म्हणजे बिंदू निसटला असं धरायची मर्यादा, २ वर ठेवून नव्हे. तिथे सूत्राची चूक मोठी असते आणि पट्ट्यांचे सांधे दिसतात. १०० किंवा १००० ठेवा. प्रत्येक पिक्सेलला मोजकीच जादा आवर्तनं लागतात. कमाल आवर्तनं कमी पडली, तर संचाचा काळा भाग सुजल्यासारखा दिसतो.

रंगछटांना हात लावण्याआधी ग्रेडियंट करड्या रंगात बांधा: एक गडद, एक मध्यम, एक उजळ. उजळ भाग अगदी अरुंद ठेवा आणि तो सर्पिलाच्या कडेवर येईल असा फिरवा. चित्र ४०० पिक्सेल रुंदीत पाहून नजर कुठे जाते ते तपासा. इथे जे जमलं नाही ते रंगांनी जमणार नाही. याचं कारण प्रत्येक रंगाचा मूळचा उजेड वेगळा असतो. एसआरजीबी या पडद्यांच्या नेहमीच्या रंगप्रणालीत निव्वळ पिवळ्याची एल-स्टार उजळता (० काळा, १०० पांढरा) ९७ च्या आसपास, निव्वळ निळ्याची जेमतेम ३२. करड्यातला उजेडाचा क्रम मोडू न देता रंग भरा: गडदला जांभळट शाई, मध्यमला मोरपंखी, उजळ रेघेला हळदी किंवा अबोली.

निळ्यापासून पिवळ्यापर्यंत आरजीबीमध्ये सरळ गेलात तर मध्ये (१२८, १२८, १२८) हा मळकट राखी रंग येतो. मध्ये मोरपंखीचा एक बिंदू ठेवला की हे टळतं. ग्रेडियंटची दोन्ही टोकं एकाच रंगाची हवीत, नाहीतर प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी धारदार रेघ उमटते. आणि निळा-पांढरा-नारिंगी ही अल्ट्रा फ्रॅक्टलची मूळ पॅलेट कृपया सोडा. सुंदर आहे, पण पाहणारा चित्राआधी सॉफ्टवेअर ओळखतो. संचाचा आतला भाग ठार काळा न ठेवता (१२, १०, २४) सारखा ठेवला, तर भोक पडल्यासारखं वाटत नाही.

छपाईसाठी ए३ आकार ३०० डीपीआयला ३५०८ × ४९६१ पिक्सेल होतो. दोन्ही बाजूंनी तिप्पट रेंडर करून लहान करायचं तर १०५२४ × १४८८३. १६ बिटमध्ये ही फाइल न दाबता साधारण ९४० एमबी भरते. लहान करताना सरासरी रेषीय प्रकाशात काढा, नाहीतर गडद पार्श्वभूमीवरचे बारीक उजळ तंतू विझतात. शांत गडद भागात ८ बिटमध्ये पायऱ्या दिसतात, म्हणून ८ बिट करण्याआधी सुमारे १ टक्का नॉइज मिसळा. झगझगीत निळे, जांभळे आणि पोपटी सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत) हमखास मरतात; पूर्ण प्रिंट काढण्याआधी याच रंगांची एक अरुंद पट्टी त्याच कागदावर छापून पाहा, आणि ती वाळल्यावर दिवसाच्या उजेडात तपासा.